स्टुडिओ, पीसीआर आणि बारा मिनिटांचा लघुपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की आमच्या विभागातला फोन वाजायला लागतो. विद्यार्थी एक विचारतात, पालक दुसरंच विचारतात, आणि प्रवेश होऊन तीन महिने उलटले की रात्री साडेअकराला मेसेजवर तिसऱ्याच शंका येतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात टीव्ही स्टुडिओ आणि लघुपट हे दोन विषय शिकवते, त्यामुळे उत्तरं इथल्या अनुभवाची आहेत. फी, जागा, तारखा मात्र ज्या विभागात जायचंय तिथेच विचारा.

मोबाईलवर शूटिंग येतं, एडिटिंगही येतं. मग दोन वर्षं आणि फी कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. आज प्रवेशाला येणाऱ्या मुलांना कट कसा मारायचा ते शिकवावं लागत नाही. काही जणांचा हात माझ्यापेक्षा जलद चालतो. पण मोबाईलवर सगळं एकट्याने होतं. मनासारखं झालं नाही तर पुन्हा घेता येतं, आणि पुन्हा घेतलं हे कुणाला कळतही नाही. स्टुडिओत दहा माणसं एकाच क्षणी एकाच गोष्टीवर काम करत असतात आणि तो क्षण निघून गेला की गेला. ही सवय घरी लागत नाही. घरी दहा माणसं जमवलीत तरी त्यातली आठ चहा पीत बसतील.

दुसरं कारण जरा कडवट आहे. स्वतःच्या व्हिडिओला घरचे, मित्र, सगळे "मस्त" म्हणतात. इथे एक अनोळखी वर्ग तो शांतपणे बघतो आणि चौथ्या मिनिटाला कुणीतरी जांभई देतं. त्या जांभईचे पैसे फीमध्ये धरा.

टीव्ही स्टुडिओत नेमकं काय असतं? आम्ही आतून कधीच पाहिलेला नाही.

दोन खोल्या डोळ्यांसमोर आणा. एक मोठी, उंच छताची, भिंतींना आवाज शोषणारं आवरण लावलेली. तिला फ्लोअर म्हणतात. छताला पाइपांची जाळी असते, तिला दिवे टांगलेले. जमीन इतकी सपाट की चाकांवरचा कॅमेरा सरकताना चित्र थरथरत नाही. बहुतेक शिकाऊ स्टुडिओंत तीन कॅमेरे असतात. दुसरी खोली लहान, अंधारी, पडद्यांनी भरलेली. ती पीसीआर, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूम. दिग्दर्शक तिथे बसतो. पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना याचंच आश्चर्य वाटतं, कारण दिग्दर्शक म्हणजे कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीतला माणूस, असं चित्र मनात पक्कं असतं.

पीसीआरमध्ये दिग्दर्शकाशेजारी व्हिजन मिक्सरवर एक जण असतो. त्याच्यासमोर बटणांच्या दोन रांगा असतात. एकीवर आत्ता प्रेक्षकाला दिसणारं चित्र, म्हणजे प्रोग्रॅम. दुसरीवर पुढचं चित्र, म्हणजे प्रिव्ह्यू. साउंडवाला वेगळ्या टेबलाशी. कॅमेऱ्यांचे रंग आणि उजेड जुळवणारा आणखी एक जण. तो नसेल तर निवेदिका एका कॅमेऱ्यात गुलाबी आणि दुसऱ्यात काविळीची पेशंट दिसते. या सगळ्यांना फ्लोअरशी जोडणारी गोष्ट एकच: टॉकबॅक, म्हणजे कानातला हेडफोन. फ्लोअर मॅनेजर हा फ्लोअरवरचा दिग्दर्शकाचा माणूस. दिग्दर्शक कानात सांगतो ते तो हातवाऱ्यांनी निवेदकापर्यंत पोचवतो, कारण समोर माइक चालू असतो. म्हणूनच उलटी मोजणीही तो पूर्ण उच्चारत नाही. पाच, चार, तीन मोठ्याने. दोन आणि एक फक्त बोटांनी.

कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला की ते चित्र प्रोग्रॅमवर आहे. त्या वेळी कॅमेरा हलवायचा नाही. साधा नियम आहे, आणि पहिल्या महिन्यात रोज मोडला जातो.

पहिल्या दिवशी कॅमेरा हातात मिळतो का?

नाही. पहिल्या दिवशी केबल हातात मिळते. केबल गुंडाळायची एक पद्धत असते: एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे आतल्या तारांना पीळ पडत नाही आणि पुढच्या वेळी टाकली की झरझर उलगडते. कोपरावर दोरी गुंडाळल्यासारखी गुंडाळलीत तर आमचे तंत्रज्ञ काका काही बोलणार नाहीत. शांतपणे सोडतील आणि पुन्हा तुमच्या हातात देतील.

मग पाळ्या लागतात. प्रत्येकाला प्रत्येक खुर्चीत बसावं लागतं: कॅमेरा, साउंड, मिक्सर, फ्लोअर मॅनेजर, टेलिप्रॉम्प्टर (निवेदकासमोर वाचायचा मजकूर सरकवणारं यंत्र), शेवटी दिग्दर्शक. "मला फक्त दिग्दर्शन करायचंय" म्हणणारे प्रत्येक बॅचमध्ये चार-पाच असतात. फ्लोअर मॅनेजर म्हणून एक भाग काढला की त्यातले निम्मे दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसल्यावर वेगळ्या आवाजात बोलायला लागतात. कानात ओरडणारा दिग्दर्शक काय चीज असते, ते त्यांना कळलेलं असतं.

व्हिजन मिक्सिंगला एवढी भीती का वाटते? बटणच तर दाबायचं असतं.

बटणच दाबायचं असतं, पण हाक आधी यायला हवी. "स्टँडबाय टू" म्हटलं की दोन नंबरचा कॅमेरामन फ्रेम धरून थांबतो आणि मिक्सरवाल्याचं बोट जागेवर जातं. "टेक टू" म्हटलं की कट. नवखा दिग्दर्शक चित्र बघत रंगून जातो, स्टँडबाय विसरतो आणि एकदम "टेक टू" ओरडतो. तोवर दोन नंबर पाहुण्यांच्या चपलांवर असतो.

मी शिकत होते तेव्हा ऐन मुलाखतीत "टेक थ्री" म्हटलं आणि पडद्यावर केबलचं वेटोळं आलं. तिसऱ्या कॅमेऱ्यावरचा मित्र लेन्स खाली करून घाम पुसत होता. चूक पूर्ण माझी, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. पाहुणे मात्र त्या वेळी फार सुंदर बोलत होते, असं नंतर टेप बघताना कळलं. मी ते ऐकलेलंच नव्हतं. आजही मुलं मुलाखतीचं दिग्दर्शन करतात तेव्हा शेवटी मी एकच विचारते: पाहुणे काय म्हणाले? ज्याने ऐकलेलं असतं त्याचे कट बरोबर जागी पडलेले असतात. बोलणाऱ्याच्या वाक्यात श्वास कुठे येतो, ऐकणाऱ्याचा चेहरा कधी बदलतो, हे कानाला आधी कळतं आणि डोळ्याला मागाहून.

विद्यापीठांमध्ये टीव्ही स्टुडिओ आले कुठून?

दूरदर्शनच्या पोटातून, असं म्हणायला हरकत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. माणसं तयार करायची निकड होतीच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७४ साली दिल्लीहून टेलिव्हिजन विभाग हलवला गेला आणि ती संस्था एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, झाली. मूळ फिल्म इन्स्टिट्यूट १९६०ची, आणि ती उभी राहिली प्रभातच्या जागेवर. प्रभात फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ला पुण्यात आली. प्रभातचा जुना फ्लोअर आजही तिथे आहे.

विद्यापीठांचं प्रकरण निराळं. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं. ते कार्यक्रम बनवायला काही विद्यापीठांत निर्मिती केंद्रं निघाली, पुणे विद्यापीठातलं केंद्र त्यांतलंच. कॉलेज चुकवून घरी बसावं आणि टीव्हीवर वनस्पतिशास्त्राचं लेक्चर लागावं, असा तो काळ होता. आता ज्या विभागांमध्ये पदव्युत्तर माध्यमशिक्षण आहे त्यांतल्या अनेकांकडे स्वतःचा छोटा स्टुडिओ असतो. प्रवेशाआधी एवढं जरूर बघा, की तो वापरात आहे की पाहुण्यांना दाखवायला आहे. ओळखायची खूण सोपी आहे. फ्लोअरवर चिकटपट्टीच्या जुन्या खुणा असतील तर वापरात आहे.

एफटीआयआय की विद्यापीठ?

एफटीआयआय किंवा कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटमध्ये एकेका शाखेचं सखोल शिक्षण मिळतं. छायालेखन घेतलंत की छायालेखनच. प्रवेश परीक्षा कठीण आणि जागा मोजक्या. विद्यापीठात सगळं थोडं थोडं मिळतं, शिवाय माध्यमांचा इतिहास, कायदा, संशोधन हेही असतं, जे मुलांना कंटाळवाणं वाटतं आणि पुढे उपयोगी पडतं. कुठलं श्रेष्ठ या वादात मला रस नाही. नागराज मंजुळे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकले. तिथे शिकतानाच केलेल्या त्यांच्या पहिल्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी एफटीआयआयमधून आले. दोघांचं घराणं वेगळं, पण सुरुवात दोघांचीही लघुपटापासूनच.

लघुपट किती मिनिटांचा हवा?

ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानतात. आमच्याकडे मर्यादा १२ मिनिटांची आहे आणि ती मी हट्टाने लावलेली आहे. मुलं दरवर्षी २५ मिनिटांची पटकथा आणतात आणि "यातलं काहीच काढता येत नाही" म्हणतात. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा ठोकताळा बऱ्यापैकी खरा आहे. पंचवीस पानं चार दिवसांत शूट होत नाहीत, आणि झालीच तर त्यातली दहा कुणाला बघवत नाहीत.

गोष्ट सुचत नाही. काय करू?

आधी काय करायचं नाही ते सांगते. आत्महत्या, स्मृतिभ्रंश, आणि शेवटी "हे सगळं स्वप्न होतं". हे तीन प्रकार आमच्या कपाटात पुरेसे साठले आहेत. चौथा प्रकार म्हणजे कॅफेत बसलेले दोघे. ते पुण्यातल्या मुलांचे असतात. पाचवा, गावाकडच्या मुलांनी पुण्यातल्या मुलांचं बघून केलेला कॅफे.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने एसटीच्या कंडक्टरवर बारा मिनिटं केली. प्रवाशाला सुट्टे द्यायचे राहिलेत आणि तो प्रवासी उतरून गेलाय, एवढीच गोष्ट. त्याचे वडील कंडक्टर होते. तिकिटामागे बाकी रक्कम कशी लिहितात, पैशांची पिशवी मांडीवर कुठल्या बाजूला धरतात, डेपोत हिशेब देताना माणूस कसा उभा राहतो, हे त्याला ठाऊक होतं, आणि वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्या घरात असं काय आहे जे शेजारच्या बाकावरच्याला माहीत नाही? तिथून सुरुवात करा.

आमचा आवाज कायम खराब येतो. माइक बदलायला हवा का?

माइक बहुतेक वेळा बरा असतो. तो लांब असतो.

या प्रश्नाचं उत्तर मी लांबवणार आहे, कारण विद्यार्थ्यांचे लघुपट चित्रामुळे क्वचित पडतात आणि आवाजामुळे सर्रास पडतात. धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, शैली आहे असंही समजतो. संवाद कळला नाही की मात्र तो मोबाईल काढतो. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक दहा फुटांवरून माणसाचा आवाज घेतो तेव्हा सोबत भिंती, पंखा आणि रस्ताही घेतो. बूमवरचा, म्हणजे लांब काठीला लावलेला, माइक फ्रेमच्या कडेला जितका खाली आणता येईल तितका आणा. कॉलर माइक छातीवर, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली. सिंथेटिक कुर्ता असेल तर आत चिकटपट्टीने पक्का करा, नाहीतर प्रत्येक हालचालीला खसखस येईल. मंगळसूत्र आणि माइक यांचं वैर तर जुनंच आहे.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला ठेवा. बोलण्याची वरची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही.

मग लोकेशन. शूटिंगच्या आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्या घरात जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून बसा. पंखा, फ्रिज, सोसायटीची पाण्याची मोटर, कबुतरं, समोरच्या स्वयंपाकघरातला कुकर. दुपारी दीडला शांत असलेली गल्ली शाळा सुटली की काय होते? फ्रिज बंद करणार असाल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. निघताना किल्ली शोधाल आणि फ्रिज चालू करायचं आठवेल. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. आमच्या एका ग्रुपने ती वापरली नाही आणि ज्या मावशींनी घर दिलं होतं त्यांचं दोन लिटर दूध नासलं. पुढच्या बॅचला त्या घराचं दार उघडलं नाही.

गणपती-नवरात्रात संवादाचे प्रसंग लावू नका. हे सांगावं लागतं, दरवर्षी.

आणि प्रत्येक जागेवर शेवटी तीस सेकंद सगळ्यांनी गप्प उभं राहून रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. त्याला रूम टोन म्हणतात. एडिटिंगमध्ये दोन संवादांमधली फट त्याने भरता येते. नाहीतर तिथे आवाज बंद पडल्यासारखी मेलेली शांतता येते. या तीस सेकंदांत कुणीतरी हसतंच. पुन्हा घ्या.

व्हिडिओत ट्यूबलाइट लुकलुकते. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठीक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. मोबाईल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर आणि १/६० शटरवर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड घेत) असतो, त्याचा या लयीशी मेळ बसत नाही. टीव्हीसाठी २५ फ्रेम ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१००. सिनेमाच्या २४ फ्रेमवर काम करायचं असेल तरी शटर १/५०च ठेवा. स्वस्त एलईडी दिवे याउपरही लुकलुकतात, त्यांना बंद करून खिडकी उघडणं हाच उपाय.

दिव्यांवरून आठवलं. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर १३००-१४०० वॅटपलीकडे भार घालू नका. एक हजारचे दोन हॅलोजन एकाच एक्स्टेन्शनवर लावून आख्खा मजला अंधारात घालवणारे महाभाग होऊन गेलेत. आणि थर्माकोलचा एक मोठा पांढरा तुकडा जवळ ठेवा. खिडकीचा उजेड त्यावरून चेहऱ्यावर परतवला तर निम्म्या प्रसंगांना दिवा लागतच नाही. व्यावसायिक सेटवरचे लाइटदादाही तेच करतात.

क्रोमाचा पडदा हिरवाच का?

क्रोमाचा पडदा म्हणजे माणसामागचा एकरंगी पडदा, जो नंतर काढून तिथे दुसरं चित्र बसवतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार बिंदूंमागे दोन हिरव्या रंगासाठी असतात, म्हणून हिरव्याची माहिती सगळ्यात स्वच्छ मिळते. शिवाय माणसाच्या कातडीत तो रंग नसतो. पडद्यापासून माणूस सहा-आठ फूट पुढे उभा करा, म्हणजे गालावर हिरवी झाक येत नाही. पडद्याचे दिवे वेगळे, माणसाचे वेगळे. पाहुण्यांना कपड्यांबद्दल आधी फोन करा. एकदा एक ज्येष्ठ बाई मुलाखतीला सुरेख पोपटी पैठणी नेसून आल्या आणि पडद्यावर फक्त काठ, पदर आणि चेहरा उरला. बारीक रेघांचा शर्टही टाळा, तो पडद्यावर नागमोडी नाचतो.

कोणता कॅमेरा घेऊ? लॅपटॉप?

पहिल्या वर्षी काहीच घेऊ नका. विभागाचा कॅमेरा वापरा, मोबाईल वापरा. पैसे जळतच असतील तर बरा हेडफोन आणि एक कॉलर माइक घ्या. एडिटिंगला 'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याच्या कामाला पुरते. पण ती लॅपटॉपकडून चांगल्या ग्राफिक्स कार्डाची अपेक्षा करते, तेवढं बघा. कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्या पालकांना मी हात जोडून थांबवते.

कार्ड किती लागतात? फुटेज उडालं तर?

हिशेब करा. फोर-के चित्र सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड होत असेल तर मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटचं कार्ड जेमतेम ८५ मिनिटं चालतं. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. कार्ड रिकामं करण्याचं काम ग्रुपमधल्या एकाच माणसाचं, आणि तो माणूस त्या दिवशी दमलेला नसावा. "मला वाटलं तू कॉपी केलंस" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते भिंतीवर लावावं म्हणते.

जुनं मराठी गाणं पार्श्वभूमीला वापरलं तर चालेल ना? विद्यार्थ्यांचाच तर लघुपट आहे.

वर्गात दाखवायला कुणी विचारणार नाही. महोत्सवाला पाठवताना किंवा यूट्यूबवर टाकताना अडकाल. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. तो संपला तरी गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. अभंगाबाबत सगळे चुकतात. तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण त्यांना गेल्या पिढीतल्या संगीतकाराने दिलेली चाल त्याची, आणि ध्वनिमुद्रण रेकॉर्ड कंपनीचं. उपाय आपल्याकडे आहे. गावच्या भजनी मंडळाला पारंपरिक चालीत म्हणायला सांगा, रेकॉर्ड करा, लेखी संमती घ्या, श्रेयनामावलीत सगळ्यांची नावं द्या. टाळांचा आवाज जवळून फार तीव्र येतो, माइक लांब ठेवा. इथे मात्र लांब.

परवानग्या कुठे कुठे लागतात?

स्वतःच्या घरी आणि कॉलेजच्या आवारात तोंडी चालतं असं मुलं धरतात. कॉलेजातही पत्र घ्या. रेल्वे स्थानकावर लपून शूटिंग करू नका, तासाभरात सुरक्षा दलाच्या खोलीत बसाल आणि मला तिथे यावं लागेल. चित्रीकरणाच्या परवानगीसाठी महाराष्ट्रात चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा. ड्रोनचे नियम २०२१चे आहेत, ते वाचल्याशिवाय उडवू नका. लग्नात उडतो म्हणून सगळीकडे चालतो असं नसतं.

लहान मूल घेणार असाल तर कायद्याने दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि ३ तासांनंतर विश्रांती हवीच. व्यावसायिक निर्मितीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. आम्ही विद्यार्थी आहोत ही सबब पुढे करू नका. सात वर्षांचं मूल दुसऱ्या टेकलाच कंटाळतं, हे कायद्याला तुमच्याआधी कळलेलं आहे. बैल, शेळी, कुत्रं यांना काम करायला लावायचं असेल तर प्राणी कल्याण मंडळाचं प्रकरण येतं. त्यापेक्षा पटकथेतून शेळी काढा.

सेन्सॉर करावं लागतं का?

चित्रपटगृहात दाखवायचं तर प्रमाणपत्र हवं. महोत्सवांना सरकारकडून सूट मिळते आणि ती आयोजक घेतात. पहिला लघुपट महागड्या परदेशी महोत्सवांना पाठवत सुटू नका, प्रवेश फीमध्येच पुढच्या लघुपटाचे पैसे जातात. नाव मोठं आणि प्रेक्षक कुणीच नाही असे ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव बरेच निघालेत. दर महिन्याला पुरस्कार वाटतात. ते प्रमाणपत्र मला दाखवू नका.

एका लघुपटाला खर्च किती येतो?

आकडा विचारू नका, यादी सांगते. जेवण, प्रवास, हार्ड डिस्क, आणि अचानक लागणारी एखादी साडी किंवा सायकल. जेवणात काटकसर करू नका. पोहे वेळेवर आले की संध्याकाळी सहाला माणसं अजून उभी असतात. फुकट काम करणाऱ्या कलाकाराला निदान जाण्या-येण्याचं भाडं द्या.

ग्रुपमध्ये कुणी कामच करत नाही. काय करायचं?

ऑक्टोबरातला हा सगळ्यात लोकप्रिय मेसेज, आणि गंमत म्हणजे एकाच ग्रुपमधल्या चारही जणांकडून येतो. म्हणून आम्ही स्टुडिओ आधी ठेवतो आणि लघुपट नंतर. स्टुडिओत कुणी काम केलं नाही तर पुढच्या दहा सेकंदांत दिसतं; लघुपटात दोन महिन्यांनी. दोन्ही एकत्र सुरू करणारे अभ्यासक्रमही आहेत. मी ते करून पाहिलं आणि सोडलं.

व्यवहारात एवढंच करा की कामं नावानिशी लिहा. "प्रॉडक्शन: सगळे" असं लिहिलेल्या ग्रुपचं शूटिंगच्या दिवशी पाणीसुद्धा आलं नव्हतं. आणि दिग्दर्शक बदलायचा असेल तर शूटिंगआधी बदला. एडिटिंगच्या टेबलावर झालेल्या बंडाचे दोन लघुपट होतात आणि दोन्ही अर्धवट.

इंग्रजी कच्चं आहे, चालेल का?

चालेल. सेटवरची भाषा मराठी, हिंदी आणि मोडकं इंग्रजी यांची मिसळच असते. कॅमेऱ्याचा मेन्यू इंग्रजीत असतो, तो महिन्याभरात पाठ होतो. परीक्षा मराठीत लिहिता येते का, ते विद्यापीठागणिक बदलतं. संवाद मात्र तुम्ही घरी बोलता त्या भाषेत लिहा. चंदगडच्या मुलीने सदाशिव पेठेतली मराठी लिहिली की पात्रं गोठतात.

मुलीला पाठवायचंय. रात्रीचं शूटिंग असतं का?

हा प्रश्न मुलांच्या पालकांनी कधीच विचारलेला नाही, त्याची नोंद करून उत्तर देते. असतं, क्वचित. आमच्याकडे रात्रीच्या शूटिंगला विभागाची लेखी परवानगी, सोबत एक शिक्षक आणि परतीची गाडी ठरलेली लागते, आणि हा नियम मुलग्यांनाही आहे. दुसऱ्या विभागात काय पद्धत आहे, ते प्रवेशाआधी स्पष्ट विचारा. तिथली अंतर्गत तक्रार समिती कुठे बसते आणि तिच्यावर कोण आहे, हेही विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून पुष्कळ कळतं.

नोकरी लागते का?

लागते, पण मनात असते तीच लागते असं नाही. आमची मुलं वृत्तवाहिन्यांच्या पीसीआरमध्ये आहेत, मालिकांवर सहायक दिग्दर्शक आहेत, शैक्षणिक व्हिडिओ करणाऱ्या कंपन्यांत आहेत, काही जण लग्नाचे व्हिडिओ करतात आणि या सगळ्यांपेक्षा जास्त कमावतात. दैनंदिन मालिकेत बारा तासांची शिफ्ट असते. आवरून, प्रवास करून घरी पोचेपर्यंत पंधरा-सोळा तास होतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर भाड्याच्या खोलीत चौघांनी राहायची तयारी हवी. सुरुवातीचे पैसे कमी असतात आणि उशिरा मिळतात.

कामाला लागलेली मुलं परत भेटायला येतात तेव्हा सांगतात, की पहिल्या आठवड्यात कॅमेरा कुणी हातात दिला नाही, पण हेडफोन कानाला लावल्यावर काय चाललंय ते कळत होतं. बाकीच्यांना कळत नव्हतं.

पदवीला दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल लिहिलंय. म्हणजे किती तास?

एका क्रेडिटला प्रॅक्टिकलचे ३० तास धरतात, म्हणजे कागदावर ६०. लघुपटाच्या महिन्यात ते पहिल्या दहा दिवसांत संपतात.

प्रवेश घेण्याआधी स्टुडिओ बघायला येऊ का?

जरूर या. रेकॉर्डिंग चालू असेल तर दारावर लाल दिवा असतो; तो विझेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसा, दार ढकलू नका. चपला बाहेर, मोबाईल पूर्ण बंद. नुसता सायलेंट चालत नाही, थरथर माइकमध्ये येते. शक्य झालं तर बुधवारी दुपारी या, तेव्हा पहिल्या वर्षाची मुलं मुलाखतीचा सराव करतात आणि पाहुणा म्हणून बसायला त्यांना कुणीतरी लागतंच. हिरवं सोडून काहीही घालून या.